खिंडीपलीकडचं विद्यापीठ

ओतीलिया बार्रागान तीन वर्षांची असताना आईच्या पाठुंगळी बसून सीमा ओलांडून आली. त्यातलं तिला काहीच आठवत नाही. आठवते ती आईने सांगितलेली गोष्ट. सीमेपलीकडे, मिचोआकानमधल्या त्यांच्या गावाजवळ, आजी लहान असताना, एकाच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली, धूर निघाला आणि बघता बघता तिथे डोंगर उभा राहिला. पारिकुतिन. लाव्ह्याने शेजारचं गाव गिळलं. चर्चचा मनोरा तेवढा वर राहिला.

वॉशिंग्टन राज्यातल्या सनीसाइडमध्ये, सफरचंदांच्या बागांत वाढताना ओतीलियाला या गोष्टीने झपाटलं.

"पण ते आतून आलं कुठून?" ती विचारायची.

"देवाला विचार," आई एर्मिनिया म्हणायची. "मला तोर्तिया थापायच्यात."

देवाने नाही, पण शाळेतल्या हौगेनसरांनी सांगितलं. त्यांच्या तासाला तिचा हात कधी खालीच नसायचा. शेवटच्या वर्षी खिंडीपलीकडच्या विद्यापीठात तिला भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला, तेव्हा सर स्वतः घरी आले. बाबांनी, फिदेन्सिओंनी, सरांच्या हातात बिअर दिली. आईने ठेवणीतल्या बशा काढल्या.

"आता फीसाठी सरकारी मदतीचा अर्ज करू," सर म्हणाले. "हिचा सोशल सिक्युरिटी नंबर, तो सरकारी ओळखक्रमांक, सांगता?"

आईने गॅस बारीक केला. बाबा टेबलाकडे बघत म्हणाले, "एलेआसारचा आहे."

जमिनीवर ट्रकशी खेळणाऱ्या धाकट्या एलेआसारने नाव ऐकून मान वर केली. तो इथल्याच दवाखान्यात जन्मला होता.

"आणि माझा?" ओतीलियाने विचारलं.

आई उगाच बशा पुसायला लागली. सरांना मात्र कळलं, हिच्याकडे इथे राहण्याचे कागदच नाहीत. त्यांचे कान लाल झाले. पुढे कित्येक आठवडे ते फोन करत राहिले. कागद नाहीत तर मदत नाही, कर्ज नाही, उलट फी बाहेरच्या माणसाची, दुपटीहून जास्त. ज्या राज्यात ती बाराखडी शिकली, त्या राज्याच्या लेखी ती बाहेरची होती. शेवटी एका संध्याकाळी सर दारात उभे राहिले. "ओतीलिया, मी हरलो."

ती म्हणाली, "कॉफी घेता का, सर?"

त्या हंगामात ती आईशेजारी सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली. बायका तिला 'प्रोफेसरीणबाई' म्हणून चिडवायच्या. तीही हसायची. काही वर्षांनी राज्याने अशा मुलांची फी कमी केली, पण मदत नव्हतीच. शिवाय तोवर बाबा शिडीवरून पडून पाठीने अधू झाले होते आणि घर तिच्या पगारावर चालत होतं.

एलेआसारला मात्र दारं आपोआप उघडली. त्याच विद्यापीठात प्रवेश, सरकारी मदत, वसतिगृह, सगळं. त्याला सोडायला ओतीलियाच गाडी घेऊन निघाली. खिंडीत दोन्हीकडे काळ्या खडकाचे थर वर चढत गेलेले. तिने गाडीचा वेग कमी केला.

"एवढी गप्प का गं?"

"रस्ता बघतेय."

"खोटं. तू दगड बघतेयस." थोडं थांबून तो म्हणाला, "ओती, मी नको जाऊ का?"

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"राग येतो ना माझा?"

"तुझा नाही येत." एक वळण गेलं. "कधी कधी तुझाही येतो."

तो हसायला गेला आणि त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं.

त्याचं सामान खोलीत लावून झाल्यावर ती विचारत विचारत भूगर्भशास्त्राच्या इमारतीत गेली. काचेच्या कपाटात दगड मांडले होते. तिने प्रत्येकाखालची चिठ्ठी वाचली. एका मुलीने विचारलं, "कुणाला शोधताय?"

"कुणाला नाही. भावाला सोडायला आले होते."

एलेआसार शिकून वीज कंपनीत लागला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो धापा टाकत शेडवर आला. राज्याने कायदा केला होता: कागद नसलेल्यांनाही आता शिक्षणाला मदत मिळणार होती.

"आता? केस पांढरे व्हायला लागलेत माझे," ओतीलिया म्हणाली.

बाजूला बसलेली एर्मिनिया उसळली. "मी साठीला टेकले तरी पहाटे इथे उभी असते. तुला पुस्तक जड होतंय होय? आणि वर्गात कुणी आई म्हणून हाक मारलीच, तर ओ दे."

ती त्याच विद्यापीठात दाखल झाली. आठवडाभर तिकडे वर्ग, शनिवार-रविवार शेड. तिसऱ्या वर्षी लिंडक्विस्टबाईंनी जाहीर केलं की या वसंतात सहल पारिकुतिनला जाणार. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तास संपल्यावर बाई हसतमुखाने तिच्याकडे आल्या. "तू तर तिथलीच! आम्हाला वाट दाखव."

"बाई, मी जाऊ शकते," ओतीलिया म्हणाली. "परत येऊ शकत नाही."

शनिवारी रात्री घरी जेवताना तिने सहलीचं सांगितलं. एलेआसारने ताट बाजूला सारलं. "मी जातो. आजीला भेटतो, डोंगर चढतो. काय बघायचं ते तू फोनवर सांग."

तो खरंच गेला. ज्या दिवशी तो चढणार होता, त्या दिवशी ओतीलिया आणि आई स्वयंपाकघरात फोन मधे ठेवून बसल्या.

"नुसते काळे दगड आहेत," वरून त्याचा आवाज आला. "बुटांची वाट लागली माझ्या."

"वाफ आहे?"

"आहे. भेगेतून येतेय."

"हात धर त्यावर."

तिकडे वाऱ्याचा आवाज घोंघावत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "गरम आहे, ओती. कॉफीचा कप धरल्यासारखं."

तिला वास विचारायचा होता, रंग विचारायचा होता. तिने नुसता आपलाही तळवा फोनवर धरला. आईने फोन ओढून घेतला. "आजीला वर नाही ना रे नेलंस?"

"छे! खाली घोडेवाल्याशी भांडतेय. जास्त पैसे सांगतो म्हणून."

आई खळखळून हसली, आणि हसता हसताच पदराने डोळे पुसावेत तसे तिने एप्रनच्या टोकाने पुसले. आजी त्याच हिवाळ्यात गेली. मायलेकींपैकी कुणालाच जाता आलं नाही.

चाळिसाव्या वर्षी ओतीलियाने पदवी घेतली. कामाचा परवाना नाही म्हणून भूगर्भाचं काम कुणी देत नाही. ती अजून शेडमध्येच आहे. शनिवारी दुपारी मात्र ती गावच्या वाचनालयात बसते आणि कागद नसलेल्या मुलांना कॉलेजचे आणि मदतीचे अर्ज भरायला शिकवते. परवा एका मुलीने तिला तोंडावर विचारलं, "इतकं शिकून तुम्हाला मिळालं काय?"

ओतीलियाने हातातला अर्ज बाजूला ठेवला.

"पूर्वी मला नुसतं तिथे जावंसं वाटायचं," ती म्हणाली. "आता गेल्यावर कुठे बसायचं, कोणता दगड उचलायचा, तेसुद्धा माहीत आहे."

"म्हणजे जास्तच त्रास!"

"हो ना," ती हसली, आणि तिने आपली खुर्ची पोरीच्या जवळ ओढली.