साहेबांच्या केबिनमधला डब्बा

कुरखेड्याच्या एका कचेरीत तीन मजले, बेचाळीस संगणक आणि एक गुणवंतराव होते. प्रत्येक संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी नंबर, हेडक्लार्क गुणवंतरावच द्यायचे. रजिस्टरमध्ये बघून, हातानं. एकच नंबर दोघांना गेला की दोन्ही संगणक रुसायचे आणि दोष विजेवर जायचा.

म्हणून चंद्रपूरहून दिव्यानीला पाठवलं. बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, मासे धरणाऱ्या घरातली, डिप्लोमा झालेली, कंत्राटी. कंत्राटी म्हणजे काम सगळं तिचं, खुर्ची मात्र कुणाचीतरी. तिनं सर्व्हर लावला. आता संगणक सुरू झाला की नंबर मागणार आणि सर्व्हर आपोआप देणार.

तळमजला चालला. साहेबांनी लगेच नारळ फोडून फोटो काढला. वरचे दोन मजले बंदच होते, पण फोटोत ते कुठं दिसतात?

“वरचे काऊन नाई चालून राह्यले?” गुणवंतरावांनी विचारलं.

“भाऊ, तिन्ही मजल्यांचे नेटवर्क अलग हायेत. वरच्या संगणकाची हाक मजले जोडणाऱ्या राऊटरच्या पलीकडं येतच नाई. त्याले सांगा लागते, हाक आली का सर्व्हरपाशी पोचव.”

“म्हणजे आवक-जावक!” गुणवंतरावांना पहिल्यांदाच काही पटलं.

तिनं प्रत्येक मजल्याचे नंबर वेगळे राखले, राऊटरला निरोप्या केलं. पहिला मजला चालला. दुसऱ्या मजल्यावर मात्र निम्म्या संगणकांना भलतेच नंबर मिळत होते. दोन दिवस ती एकेक वायर धरत फिरली. शेवटची वायर साहेबांच्या केबिनमध्ये गेली. कपाटामागं घरून आणलेला वायफायचा डब्बा होता, मॅच बघायला.

दिव्यानीचं कंत्राट याच साहेबांच्या सहीनं वाढणार होतं. तरी तिनं वायर उपटली.

“अरे, शेवटची ओव्हर!” साहेब ओरडले.

“सर, तुमचा डब्बा साऱ्या मजल्याले खोटे नंबर वाटून राह्यला होता.”

दारातल्या गुणवंतरावांनी नम्रपणे विचारलं, “सर, याची नोंद घेऊ का रजिस्टरमध्ये?”

साहेब खाली बसले.

पुढं यथायोग्य झालं. साहेबांना नेटवर्क सुधारल्याचं प्रशस्तिपत्र मिळालं, दिव्यानीला ‘अनधिकृत हस्तक्षेपाची’ नोटीस. कंत्राट मात्र वाढलं, कारण सर्व्हरचं दुसऱ्या कुणाला काही कळत नव्हतं. नोटीस तिनंच सुरळीत केलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या संगणकावरून छापली होती, पहिल्याच झटक्यात. ती हातात घेताना दिव्यानीला हसू आवरेना.