समोरून बाबांची गाडी

विनायक भाऊजींना मी शेवटचं भेटले ते त्यांच्या पांढुर्ण्याच्या अंगणात. ते खाटेवर पडून होते आणि नातू आपली नवी गाडी आजोबांना दाखवायला घेऊन आला होता. आजकाल अशा गाड्या निघाल्या आहेत... आतून सगळं नवं, टीव्हीसारखे पडदे काय, कॅमेरे काय, आणि बाहेरून चेहरा मात्र आमच्या लहानपणीचा. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, समोर चकचकीत जाळी. भाऊजींना उठवत नव्हतं, तरी नातवाच्या आधारानं ते गाडीपर्यंत गेले आणि बोटाच्या पेरानं त्यांनी मडगार्ड वाजवून पाहिलं. "पत्रा नाई हा," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "पाहा मास्तरीणबाई, आता कंपन्याच करून राहिल्या हे. आमी केलं तं लबाडी!" मी हसले नाही. तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला, भाऊजी गेले म्हणून.

लबाडी हा शब्द माझाच. मी तो त्यांना ऐंशीच्या दशकात, त्यांच्याच गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये उभं राहून, तोंडावर ऐकवला होता. आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याच्या मापापासून मुलींनी एकमेकींच्या वहीतून उतरवलेल्या गणितापर्यंत मी सगळ्यावर संशय घेत आले, आणि दहातल्या आठ वेळा तो खरा निघाला. त्यामुळे सवय सुटली नाही. ताईचं लग्न ठरलं तेव्हाही सगळे म्हणाले, माणूस मोठा गुणी, पत्र्याला हात लावला की पत्रा ऐकतो. माझ्या मनात लगेच आलं, इतका गोड बोलणारा मिस्त्री कधी वेळेवर काम देतो का? तर भाऊजी वेळेवर काम देत. याचाही मला संशयच आला.

आमच्या बाबांची सौंसरला संत्र्याची बाग होती आणि बागेइतकीच लाडकी एक काळी मोटार. साहेबाच्या काळातली, कोणाकडून तरी जुनी घेतलेली. त्या गाडीत बाबांनी संत्र्यांच्या पेट्या नेल्या, बाळंतिणी नेल्या, आणि दर चैत्रात हनुमान जयंतीला आम्हा सगळ्यांना जामसांवलीच्या मारुतीला नेलं. बाबा अचानक गेले. गाडी बागेतल्या छपराखाली उभी राहिली, आणि आईनं ती जावयाच्या हवाली केली. मी तेव्हा सौंसरच्या शाळेत गणित शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, आई माझ्याजवळच असायची. दर रविवारी मी बसनं पांढुर्ण्याला जायची. ताईला भेटायला, असं मी म्हणायची, पण खरं म्हणजे भाऊजींच्या शेडमध्ये जाऊन त्या गाडीच्या मागच्या सीटवर तासभर बसायची. बाबांच्या खांद्यांची पाठमोरी आठवण मला फक्त तिथेच येत असे. घरी मी रडले नाही, तिथे रडत होते. कोणाला हे माहीत नाही अशी माझी समजूत होती.

मग एकदा भाऊजी म्हणाले, गाडी कामाले काढतो, दोन-तीन महिने येऊ नका. शेडला कुलूप. खिडकीला पोतं. आतून हातोड्याचा आवाज, आणि विचारलं की एकच उत्तर, "होऊन राहिलं, होऊन राहिलं." कुठेतरी पाणी मुरतंय हे मला त्या पोत्यावरूनच कळलं. तीन महिन्यांनी गाडी बाहेर आली तेव्हा बघायला अख्खा स्टेशन रोड जमला. तेच गोल दिवे, तीच जाळी, तेच काळं नाक. समोरून बाबांची गाडी, शंभर टक्के. मी मात्र मागचं दार उघडून आत बसले आणि दार ओढलं, तर ते एका झटक्यात लागलं. बाबांच्या गाडीचं दार दोनदा आपटावं लागायचं! खिडकीची कडी उलटी फिरत होती. मी हळूच सीटवर वीत टाकत गेले. बाबांच्या मागे कंटाळून बसल्यावर मी लहानपणी हाच उद्योग करायची, आणि ती सीट माझ्या मोठेपणीच्या हातानं सात विती भरायची. ही साडेसहाच्या आतच संपली. सीट धुतल्यावर आटते का हो?

मी आईला आडून विचारलं, "आई, गाडी काही वेगळी वाटते का गं?" आईला मोतीबिंदू झालेला, तिनं गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "काहून वं? तेच तं हाय तुया बाबाची." मला तिची दया आली. आई फसली याचं दुःख, आणि फसवणारा घरचाच म्हणून संताप. पण ताईच्या संसारात काडी टाकायला पुरावा तर हवा. मी गप्प राहिले आणि डोळे उघडे ठेवले.

पुरावा मिळाला जामसांवलीला. त्या चैत्रात भाऊजी आई, ताई आणि मला घेऊन त्याच गाडीनं गेले. आमच्याकडे नवी गाडी घेतली की पहिली खेप जामसांवलीची. निजलेल्या मारुतीपुढे नारळ, बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक, मग बाकीचं जग. जुन्या गाडीची अशी पूजा पुन्हा कोणी करत नाही. मी नारळ घ्यायला दुकानाशी थांबले, तर दुकानदार आमच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "मिस्त्रीजी मागच्याच शनवारी आले होते न बाई, नव्या गाडीची पूजा कराले."

"कोणती नवी गाडी?" मी विचारलं.

"हेच काळी. मी बी म्हनलं, हे तं जुनी दिसून राहिली. तं म्हने, दिसाले जुनी हाय, पन हाय नवी."

पैसे देऊन मी नारळ घेतला. दर्शनात माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी पांढुर्णा गाठलं. भाऊजी शेडमध्ये एकटेच पत्रा ठोकत होते. मी विचारलं, "बाबांची गाडी कुठे आहे?" त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि कोपऱ्याकडे बघितलं. तिथे गंजानं खाल्लेले पत्र्याचे तुकडे पडले होते, बोट लावलं तर भुगा होईल असे. छपराच्या ओलीनं गाडी खालून सडून गेली होती. दिवे, जाळी, स्टिअरिंग एवढंच वाचलं होतं. ते त्यांनी मोडीत निघालेल्या एका दुसऱ्या गाडीच्या सांगाड्यावर चढवलं, आणि बाकीचं अंग हातोडीनं ठोकून, आठवून आठवून घडवलं.

मी त्यांना लबाड म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका म्हाताऱ्या, डोळ्यांनी अधू बाईला तुम्ही नवऱ्याची गाडी म्हणून नकली गाडीत बसवता, लाज नाही वाटत? मग मी विचारलं, इतकी लपवाछपवी केलीत, तर मारुतीपुढे जाऊन नवी गाडी म्हणून पूजा कशाला केलीत? "मास्तरीणबाई, मानसाले सांगता येते, हे जुनी हाय म्हनून," ते म्हणाले. "त्याले कसं सांगू? अन् पूजा न करता आईंले गाडीत बसवाची हिंमत नाई झाली माई."

शेवटी मी एकच अट घातली. आईला हे कधीही कळता कामा नये. भाऊजींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं... तेव्हा वाटलं, ओशाळले. "नाई सांगत," ते म्हणाले. "पन तुमी गाडीत बसान न?" आईसाठी बसेन, मी म्हटलं. आणि पुढे आई होती तोवर दर चैत्रात मी बसले, तोंडावर हसू आणून, "बाबांची गाडी अजून कशी मस्त चालते" असं मुद्दाम मोठ्यानं म्हणत. आईही "हो न वं" म्हणायची. भाऊजींशी मी तेवढ्यापुरतंच बोलायची. मूळ गाडी सडलीच होती की विकली, हा संशयही मी मनातून पूर्ण काढला नव्हता. कोपऱ्यातला गंज कोणाचाही असू शकतो.

भाऊजींच्या तेराव्यानंतर ताई आणि मी शेडमध्ये बसलो होतो. ताई म्हणाली, "आता ते बी नाई, आई बी नाई. आता सांगतो तुले." आणि तिनं सांगितलं. गाडी सडल्याचं भाऊजींनी सगळ्यात आधी आईलाच सांगितलं होतं. आई म्हणाली होती, माझं काही नाही, पण धाकटी दर रविवारी त्यात बसून रडते, बाप गेला तेव्हा ती रडली नव्हती. तिची गाडी गेली तर ती कुठे जाईल? तुम्ही तशीच दुसरी करा, आणि धाकटीला कधी कळू देऊ नका. त्या तीन महिन्यांत मी शाळेत असताना भाऊजी आईला इथे घेऊन येत, आणि ती याच शेडमध्ये स्टुलावर बसून, अधू डोळ्यांनी आणि शाबूत हातांनी, मडगार्डचा फुगवटा तपासून भाऊजींना सांगत होती... अजून थोडा, अजून थोडा.

"तुले कधी शंका नाई आली काय वं?" ताईनं विचारलं.

मला. शंका.

"नाई वं ताई," मी म्हटलं. "कधीच नाई."

ताई चहा ठेवायला घरात गेली. ताडपत्री बाजूला करून मी गाडीत मागे उजवीकडे बसले. डावीकडे आई बसायची. भाऊजी किल्ली फिरवण्याआधी दरवेळी मागे वळून विचारायचे, "बसल्या न दोघी?" आणि आम्ही दोघी एकदमच "हो" म्हणायचो. त्या प्रश्नाचा मला राग यायचा. दिसत नाही का, बसलोय ते! ... आता मात्र नवाच संशय छळतो आहे. मला कळलंय हे आईलाही कळलं असेल का? ती "हो न वं" जरा जास्तच पटकन म्हणायची.

ताई, पेपरची ही पुरवणी तू वाचतेस, म्हणून इथेच सांगते. शंका मला पहिल्याच दिवशी आली होती. तुझ्या नवऱ्यानं आईला दिलेला शब्द माझ्यापाशी पाळला आणि मला दिलेला आईपाशी, आणि त्यासाठी माझी बोलणी आयुष्यभर एकट्यानं खाल्ली. एक वाक्य ते बोलले असते तर सुटले असते. बोलले नाहीत.