तीन छापखाने, एक कपाट

"पोट्टी सासरी गेली हाये. वापस आली का देतो." मामांचं हे उत्तर ऐकलं की माझं डोकं भणभणायचं.

पोट्टी म्हणजे मुलगी, पण मामांच्या तोंडी ब्लॉक. छापखान्यात कधी डोकावला असाल तर पाहिला असेल, लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर उलटं चित्र. महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. आमच्या मालकांचे छापखाने तीन, अमरावती, अकोला आणि दर्यापूर. गणपती, नवरानवरी, पुढाऱ्यांचे चेहरे, यांचे ब्लॉक मात्र एकेकच. त्यांचं कपाट अमरावतीला आणि किल्ली ते सांभाळणाऱ्या मामांच्या जानव्याला. सगळा छापखाना त्यांना मामाच म्हणायचा. मी अमरावतीचा फोरमन. कपाट माझ्या नाकासमोर, तरी ताटकळायचं मीच!

ब्लॉक बाहेर गेला की मामा त्याच्या जागी सुपारी ठेवत. पूजेत नसलेल्या माणसाच्या जागी ठेवतात तशी. सुपारी उचलली जाईपर्यंत दुसऱ्याने मागायचं नाही.

एकदा मी म्हटलं, "मामा, दोन-दोन ब्लॉक करून घेऊ. भानगडच मिटेल."

"अन् मंग? त्या पुढाऱ्यानं मिशी काढली, तवा म्या पत्र्यावरून खरवडली. दोन ब्लॉक असते तं अकोल्यात त्याले मिशी अन् अमरावतीत नाई. लोकायनं मत कोणाले द्यायचं बे?"



पण अकोल्याचा फोरमन आला की हाच माणूस लोण्यासारखा मऊ. "या बावा, जेवूनच जा." मी रोज समोर बसायचो, मला कधी जेव म्हणाले नाहीत. अकोल्याला गेलेला ब्लॉक चकचकीत पुसून, मुदतीच्या आधी परत यायचा, आणि मामा तो सगळ्यांना दाखवत फिरायचे. जळायचो हो मी! उगाच साळसूदपणा कशाला आणू? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मामांना डोळ्यांनी दिसेनासं झालं. किल्ली आता माझीच, असं मी धरून चाललो होतो. बायकोलाही सांगून बसलो होतो. मामांनी ती अकोल्याच्या फोरमनच्या हातात ठेवली, आणि कपाट ट्रकमधून अकोल्याला गेलं.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. "मी काय कमी केलं, मामा?"

"काई कमी नाई केलं. तुया जीव लय हाये त्या पोट्ट्यायवर. मनूनच नाई देली. तुया हातून दुसऱ्याले सुटत नाई, राजा."

माझं समाधान झालं नाही. आजही झालेलं नाही.

मामा गेले तेव्हा तिन्ही गावांत श्रद्धांजलीची पत्रकं छापायची ठरली. अकोलेकराने मामांच्या फोटोचा ब्लॉक करून घेतला होता, मला न विचारता. म्हणजे मामांचा चेहराही आधी अकोल्यालाच! तिथलं छापून झालं, मग तो ब्लॉक दुपारच्या गाडीने माझ्याकडे आला. आमची पत्रकं निघाली, तोवर दर्यापूरचा माणूस न्यायला येऊन बसला.

"पुसून देतो," मी म्हणालो. त्याला चहा सांगितला. थोड्या वेळाने आणखी एक सांगितला. रॉकेलच्या चिंधीने मी मामांचे कान पुसले, चष्मा पुसला, हनुवटी पुसली.

"झालं का, भाऊ? माई गाडी जाईन."

"थांब ना बे जरा," म्हणत मी चिंधी पुन्हा रॉकेलमध्ये बुडवली. शाई केव्हाच निघाली होती.