धक्क्यावरचा दिवा आणि आमचे आबा

जन्मात समुद्र न पाहता दीपगृहांबद्दल अधिकाराने बोलणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि ते माझे चुलत सासरे आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. भडगावकडच्या त्यांच्या गावी तलाव आहे, तलावात शिरलेला दगडी धक्का आहे आणि धक्क्याच्या टोकाला दोन पुरुष उंचीचा बुरूज. गाव त्याला दिव्याचा खांब म्हणतं. आबा दीपगृह म्हणतात आणि समोरच्यालाही म्हणायला लावतात. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर ते त्याचा इतिहास लिहायला बसले. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी म्हाताऱ्या गवंड्याचा घास हातातच थांबवून बुरुजाचा चुना कुठल्या भट्टीतला, ते विचारलं होतं. सासूबाई म्हणत, यांच्यासमोर वयस्कर माणसाने खोकूसुद्धा नये, लगेच वही निघते.

इतिहास तसा थोडका. तलाव झाला, पलीकडच्या वस्तीचा रस्ता बुडाला, माणसं नावेने येऊ-जाऊ लागली. अंधारात, पावसात नाव नेमकी धक्क्याला लागावी म्हणून बुरुजावर कंदील ठेवत. पुढे पूल झाला, नाव बंद पडली, दिवाही गेला. एवढ्यावर आबांनी पाच वह्या भरल्या.

गेल्या वर्षी तलावाच्या सुशोभीकरणात बुरूज पाडून तिथे बाग करायचं ठरलं. आबा वह्या घेऊन बैठकीला गेले, सोबत मी. सुशोभीकरणाचं काम बघणाऱ्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि एखादा सरकारी कागद आहे का, विचारलं. नव्हता. आबा खाली बसले. तेव्हा पलीकडच्या वस्तीवरच्या एक अक्का उठल्या. बाळंतपणात अडल्या असताना त्यांना भर पावसात नावेत घातलं होतं. काठ दिसत नव्हता, नावाड्याने दिव्याच्या रोखाने नाव हाकली. शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या लेकाच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तो दिवा व्हता म्हनीसन मना हाऊ पोऱ्या शे."

साहेबांनी नकाशा पुन्हा उघडला. बाग थोडी अलीकडे घ्यायची, बुरूज राहू द्यायचा, असं ठरलं.

परतताना आबा म्हणाले, "पाच वह्या भरल्या, पण एकाही बाईला विचारलं नाही मी."

पुढच्याच आठवड्यात ते सहावी वही घेऊन अक्कांकडे गेले. अक्का दिव्याबद्दल फारसं बोलल्याच नाहीत. नावेत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या, आता हयात नसलेल्या जावेबद्दलच सांगत राहिल्या. आबांनी तिचं नाव लिहून घेतलं. दीपगृहाच्या इतिहासात ते कुठे घालायचं, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.