लाल चिमटा, निळा चिमटा

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा सांभाळून घ्यावं.

आज कपडे वाळत घालताना लाल चिमटा हाती आला आणि लंडनमधल्या एजवेअरच्या मॉरीनबाई आठवल्या. त्या म्हाताऱ्या आयरिश बाईंकडे मी घरकामाला जायचे. ओले कपडे दोरीवर टाकता टाकता त्या मला त्यांच्या भाषेतला एकेक शब्द सांगायच्या. स्त्रीलिंगी वाटला तर मी लाल चिमटा द्यायचा, पुल्लिंगी वाटला तर निळा. शेवटी ‘ओग’ ऐकू आलं की बहुधा लाल. ब्रोग म्हणजे बूट, फुन्योग म्हणजे खिडकी. मी चुकले की त्या नुसतं म्हणायच्या, “पुन्हा ऐक, लव्ह.”

एके दिवशी माझी सहा वर्षांची नात ईरा बरोबर होती. ओल्या चादरीचं पाणी अंगावर उडालं तशी ती ओरडली, “आजी, माझी फ्रॉक ओला झाली!”

मला हसू आवरेना. “मडमेची पोर कुठली!” म्हणत मी मॉरीनबाईंनाही हसायला खुणावलं. त्या हसल्या नाहीत.

“माझी आत्या मला अशीच हसली होती,” त्या म्हणाल्या. “मग मी चाळीस वर्षं आयरिश बोलले नाही.”

ईरा चिमट्यांची टोपली उराशी धरून खाली बघत होती.

तेव्हापासून ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. आता ती एडिनबराला असते. काल फोनवर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिची माफी मागितली. वाक्य तीनदा चुकलं. ती एकदाही हसली नाही.