होडीत न बसलेली फिलोमिनाबाय

फिलोमिनाबाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या रुवी भागात बसची वाट बघत होतो. "अंकल, मम्मी गेली," वसईहून तिची मुलगी रीटा म्हणाली. बस आली, निघून गेली... मी तिथंच उभा.

नव्वदच्या दशकात इथल्याच एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत फिलोमिनाबाय सुपरवायझर होती. मी रत्नागिरीकडचा इस्त्रीवाला. किचनमधला लिन तरुणपणी चिनी संगीत नाटकात लढवय्या राजा व्हायचा. गुडघा गेला आणि ते सुटलं. स्टाफ पार्टीत त्याला त्यातला शेवटचा प्रवेश बसवायचा होता. लढाई हरलेला राजा नदीकाठी येतो. नावाडी म्हणतो, बसा, पलीकडे तुमचाच मुलूख आहे. राजा म्हणतो, तिकडची पोरं मी लढायला आणली, एक उरला नाही. त्यांच्या आयांना काय तोंड दाखवू? आणि तलवारीनं स्वतःचा जीव देतो. रंग फासून नाचायला एकही पुरुष तयार होईना. फिलोमिनाबाय म्हणाली, "लिन, मला शिकव." चादरींच्या ढिगाऱ्यांमधून ती राजासारखी चालायला शिकली. नावाडी मी.

पार्टीच्या दुपारी मॅनेजरनं मला बोलावलं. "खुशीचा दिवस आहे, मरणबिरण नको. तिला होडीत बसव. नाहीतर दोघांचं कॉन्ट्रॅक्ट खलास." मी जाऊन सांगितलं. तिच्या कपाळावर काळा रंग लावणारा लिनचा हात थांबला. ती म्हणाली, "सलीम, तू हात पुढे कर. तुला कोण बोलणार नाय. माझं मी बघते."

मी हात पुढे केला. "बसा महाराज," दोनदा म्हणालो, आणि दुसऱ्यांदा खरोखर विनवलं. तिनं नकाराची मान हलवली, तलवार उपसली आणि गळ्यावरून फिरवली. दाढी लावलेल्या बाईला हसणारा हॉल गप्प झाला. कोपऱ्यात लिन रडत होता.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, तिचं नाही. विमानतळावर तिला सोडताना मला तिच्याकडे बघवेना. "बाय, बसली असतीस तर..."

"लिनची अख्खी जिंदगी त्या दोन मिनिटांत होती रे. ती मॅनेजरला पुसू देऊ?"

वसईत तिनं घरीच शिलाईचं काम धरलं, एकटीनं रीटाला शिकवलं. आजारातही कुणाचा हात धरून चालली नाही.

महिन्याच्या मिस्सेला, तिच्यासाठीच्या प्रार्थनेला, मी सुट्टी काढून वसईला गेलो. घरात मेणबत्त्यांमागे फोटो होता तो काळ्या-पांढऱ्या रंगातल्या, लांब दाढीच्या राजाचा. एक मावशी कुजबुजली, "फादर येतील. साडीतला लाव गो."

रीटानं फोटो सरळ केला. "येऊ देत. माझी मम्मी हीच."