सूतगिरणीतला कॉम्प्युटर

परळीत राख कुणाला चुकत नाही. वीजकेंद्राच्या धुराड्यांतून उडते, दोरीवरच्या धुण्यावर बसते, भाकरीच्या टोपल्यात उतरते. अमरनाथच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातही ती रोज यायची आणि रोज तो ओल्या फडक्यानं ती पुसायचा. पण सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्याचं फडकं एकाच वस्तूवरून फिरत राहिलं. एक जुना कॉम्प्युटर. घमेल्याएवढा पडदा आणि पत्र्याच्या पेटीत बसवलेली बटणं.

तो त्याला पंडितशेठच्या भंगारात दिसला होता. बंद पडलेल्या एका सूतगिरणीचं सामान शेठनं लिलावात उचललं, त्यात हा. शेठचा हिशेब साधा होता. पेटीतल्या हिरव्या पाट्यांवर सोन्याचा मुलामा असतो. दिल्लीला त्या तेजाबात बुडवतात, सोनं काढून घेतात, बाकीचं फेकतात.

"शेठ, हे मला द्या," अमरनाथ म्हणाला होता.

"चालू करून दाखव, तुझं. फुकट. न्हाई झालं तर दिल्लीची गाडी येईल तवा चढवणार. मग माझ्यासमोर तोंड पाडू नको बे."

अमरनाथनं पेटी डोक्यावर घेतली आणि तिथून त्याची झोप उडाली.

सुट्या भागांसाठी तो हैदराबादला गेला. तिथला म्हातारा दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "कुठं मिळालं? कंपनीनं मोजकीच बनवली आणि कंपनी बुडाली. एवढ्या वर्षांत मी एकच पाहिलं, तेही फुटलेलं." परतीच्या गाडीत अमरनाथ बसलाच नाही. दारात उभा राहिला, दर स्टेशनावर उतरला, पुन्हा चढला.

त्यानं वीज देणारा भाग नवा केला. आटलेले कपॅसिटर बदलले. वीज सगळीकडं पोचत होती आणि पडदा काळाच्या काळा. जेवता जेवता तो उठून जाई, हात न धुता पेच सोडवी, पुन्हा आवळी. दुकानात लोकांचे टेपरेकॉर्डर उघडे पडले.

"अहो, गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं," त्याची बायको शांतादेवी म्हणाली. "त्या पेटीशीच लगीन लावायचं हुतं. मला कावून आणलं?"

"ती बोलत न्हाई."

"म्हणूनच गोड लागती तुमाला."

त्याला एक गोष्ट छळत होती. पेटी झिजलेली नव्हती. बटणं कोरी, अक्षर न अक्षर शाबूत. वापरून बिघडलेलं यंत्र असं नसतं. मग याला झालं काय? ते कळल्याशिवाय हात कुठं घालायचा?

गिरणीतला जुना शिपाई धुळाजी वैजनाथाच्या पायऱ्यांजवळ बेलफुलं विकायचा. अमरनाथ त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

"ते यंत्र? ते चाललंच न्हाई कवा," धुळाजी म्हणाला.

"कावून?"

"अरे, पूजेलाच गेलं ते. कंपनीचा साहेब सकाळी लावून, त्याचा दिवा पेटलेला दाखवून जेवाया गेला. मागं चेअरमन आले. हार, कुंकू, सगळं झालं. आता ट्रॅक्टर आला की आपण नारळ फोडून पाणी चाकावर घालतो का न्हाई? इंजनाला बी घालतो. चेअरमन म्हणले, धुळाजी, पहिलं पाणी यंत्राला. घातलं."

"कुठं?"

"वरच्या फटीतून. चांगलं गार हुईल म्हणलं. चुर्र झालं आन् गेलं. सायब आल्यावर सगळे म्हणले, इथली लाईटच खराब हाय. खोलीला कुलूप लावलं."

"फट कोणत्या अंगाची, मामा? डावी का उजवी?"

धुळाजीनं डोळे मिटले, हातात नसलेला नारळ तिरपा केला. "डावी. मी पडद्याकडं तोंड करून हुतो."

अमरनाथ पळतच निघाला. "बेल तर घेऊन जा की!" मागून हाक आली.

डाव्या फटीच्या बरोबर खाली एक मोठी चिप होती. ती त्यानं कितीदा तपासली होती, पण जिच्यात ती बसते ती खाच उपसून खालचं पाहिलं नव्हतं. आता उपसली. खाली हिरवट बुरशीसारखा थर. तांब्याच्या केसाएवढ्या वाटा खाऊन टाकलेल्या. पाणी वरून केव्हाच वाळलं होतं, खाली मात्र वर्षानुवर्षं चरत राहिलं होतं. स्पिरिटनं धूत, बारीक तार सोलत, एकेक वाट तो जोडत गेला. मध्येच वीज जाई. साऱ्या मुलखाला वीज पुरवणाऱ्या गावात तो निखाऱ्यावर कथील वितळवायची सळई तापवत बसे आणि शिव्या घाली.

शेवटची तार जोडायची राहिली तेव्हाच दाराशी ट्रक थांबला. पंडितशेठ आत आला, स्टुलावर बसला. "बोल."

अमरनाथनं तार चिकटवली, सदऱ्याआड गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाला हात लावला आणि बटण दाबलं. पडदा काळा राहिला. मग आतून उजेड फुटला, कंपनीचं नाव उमटलं, खाली हिरवा चौकोन उघडझाप करू लागला. शांतादेवी पदर तोंडाला लावून दारातच उभी राहिली.

शेठ हलला नाही. "एकदा तर मरणारा बी डोळे उघडतो. बंद करून परत लाव."

अमरनाथचा हात बटणावर थबकला. एवढ्या दिवसांत त्याला काळ्या पडद्याची भीती वाटली नव्हती. आता वाटली. त्यानं बंद केलं. चौकोन आकसला, ठिपका झाला, विझला. त्यानं पुन्हा दाबलं. काही नाही. ट्रकवाल्यानं बाहेर हॉर्न वाजवला. शेठ उठायला लागला, आणि नाव उमटलं.

"तुझं," शेठ म्हणाला. "पण गाडीत याची जागा रिकामी राहिली ना. तिथं भंगार काय चढवू?"

अमरनाथनं दुकानामागचं पत्र्याचं दार उघडलं. जुन्या रेडिओंचा ढीग होता. एकेका भागासाठी वर्षानुवर्षं जपलेला, बापाच्या हातचेही काही. त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. एकेक रेडिओ उचलून स्वतः ट्रकात ठेवत राहिला, आणि प्रत्येक खेपेला आत डोकावून चौकोन अजून लुकलुकतोय का ते पाहत राहिला.